आधी तोल, मग डाव

'जीटीओ' शिकलं की पोकरमध्ये कुणी हरवू शकत नाही, असं सांगणारी रील्स तुम्ही पाहिली असतील. त्यात अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब आज मांडू.

चला, दगड-कागद-कात्री खेळू. समोर तुमचा रूम पार्टनर आहे आणि पठ्ठ्या दर वेळी दगडच काढतोय. तुम्ही काय कराल? कागद. पुढच्या डावाला? परत कागद. आठ-दहा डाव असे आरामात जिंकाल. मग त्याची ट्यूब पेटेल, अकराव्या डावाला तो कात्री काढेल आणि तुमचा कागद कापला जाईल. बाराव्याला काय काढायचं, याचं उत्तर आता तुमच्याकडे नाही.

दुसरा मार्ग बघा. खिशात एक फासा ठेवायचा. एक-दोन पडले तर दगड, तीन-चारला कागद, पाच-सहाला कात्री. समोरचा कितीही हुशार असू दे, अगदी सुपर कॉम्प्युटर आणून बसवू दे, दीर्घकाळात तो तुम्हाला हरवू शकत नाही. पण गंमत अशी की कायम दगड काढणाऱ्या त्या बावळट रूम पार्टनरलाही तुम्ही हरवू शकत नाही. तिथंही बरोबरीच.

पोकर खेळणाऱ्यांच्या जगात गेली काही वर्षं जो वाद चाललाय, तो एवढाच आहे. एक गट म्हणतो, तोल धरून खेळा, म्हणजे कुणालाच तुमच्यात फट सापडणार नाही. याला ते 'गेम थिअरी ऑप्टिमल' म्हणजे जीटीओ म्हणतात. दुसरा गट म्हणतो, समोरच्याची खोड हेरा आणि तिच्यावर डाव टाका. हा झाला 'एक्स्प्लॉइटेटिव्ह' खेळ. कॉलेजच्या कट्ट्यावरही दोन्ही पक्ष असतात. इंजिनिअरिंगवाले बहुतेक पहिल्या पक्षात, आणि 'मी माणूस बघून ओळखतो' म्हणणारे दुसऱ्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तोल आधी शिकायचा, डाव नंतर टाकायचा. आणि या दोन्हींच्या आधी, आपण ज्या टेबलावर बसतोय ते कुणाचं आहे, हे विचारायचं. हा तिसरा प्रश्न रील्समध्ये कुणी विचारत नाही, म्हणून हा लेख.

चिंचोक्यांचा हिशेब

पोकर येत नसेल तरी हरकत नाही. 'चॅलेंज' खेळलायत ना? पालथी पानं टाकून 'तीन राजे' म्हणून ठोकून द्यायचं आणि समोरच्यानं पकडायचं की सोडायचं, हे त्याला ठरवू द्यायचं. पोकरचा गाभा तोच. फक्त इथं बोलण्याऐवजी पैसे लावून थाप मारतात. आपण पैशांऐवजी चिंचोके घेऊ.

शेवटचं पान उघडलंय. तुमच्या हातात मधलंच काहीतरी आहे. समोरच्याकडे खरंच मोठी पानं असतील तर तुम्ही हरलात, त्यानं थाप मारली असेल तर जिंकलात. टेबलावर १० चिंचोके जमलेत. तो आणखी १० लावतो. तुम्ही १० टाकून बघायचं, की पॅक करायचं?

बघितलंत आणि थाप निघाली, तर तुम्हाला २० मिळतात : मधले १० आणि त्यानं आत्ता लावलेले १०. पानं खरी निघाली तर तुमचे १० गेले.

समजा असा प्रसंग तीन वेळा आला, आणि त्यात तो एकदा थाप मारतो, दोनदा खरा असतो. तिन्ही वेळा बघितलंत तर २० मिळाले आणि २० गेले. बेरीज शून्य. तिन्ही वेळा पॅक केलंत तरी शून्यच. म्हणजे तुम्ही काहीही करा, त्याच्या खेळात तुम्हाला फट सापडत नाही. याला म्हणायचं तोल. तुमच्या बाजूनंही तसंच. अशा प्रसंगी तुम्ही दोनात एकदा बघितलंत, तर त्याच्या थापेतून त्याला काहीच सुटत नाही, कारण १० मिळवायला तो १० धोक्यात घालतोय.

आता समोरचा थापाड्या आहे असं धरा. दोनात एकदा थाप मारतो. मग तुम्ही दर वेळी बघायचं. दोन प्रसंगांत २० आले, १० गेले, १० चिंचोके नफा. उलट तो भित्रा असेल, दहात एकदाच थाप मारत असेल, तर बघत बसलात की २० येतील आणि ९० जातील. अशा माणसापुढं मुकाट पॅक करायचं.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढची पायरी मात्र बरेच जण विसरतात. भित्र्यापुढं तुम्ही दर वेळी पॅक करायला लागलात की तुमच्यातच फट पडली. त्याच्या लक्षात आलं आणि उद्यापासून तो दर वेळी थाप मारू लागला, तर तुम्ही दर वेळी १० चिंचोके हसत हसत देत राहाल. दुसऱ्याची खोड पकडायला वाकलात की तुमची मान उघडी पडते. यातून सुटका नाही. ती डावाची किंमतच आहे.

हे गणित नवं नाही. जॉन फॉन नॉयमन या हंगेरियन गणितज्ञानं १९२८ मध्ये सिद्ध करून ठेवलंय की, दोघांच्या खेळात एकाचा तोटा म्हणजे दुसऱ्याचा नफा असेल, तर असा तोल असतोच. त्यानं आणि मॉर्गनस्टर्ननं १९४४ मध्ये जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात पोकरवर स्वतंत्र विभाग आहे. पुढं १९५० मध्ये जॉन नॅशनं ही कल्पना दोनापेक्षा जास्त खेळाडूंपर्यंत नेली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'नॅश समतोल' वाचला असेल, तो हाच.

हे कोल्हापूरला कुणी शिकवायचं?

खरं सांगायचं तर या गावाला हा वाद नवा वाटायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे. तिथल्या गॅलरीत बसून कुस्ती पाहिली असेल, तर आठवा. सलामी झाल्या झाल्या कुणी डाव टाकत नाही. आधी खडाखडी होते. मानेवर हात, मनगटाची ओढाताण, एक पाऊल पुढं, एक मागं. नवख्याला वाटतं, वेळ चाललाय. पण तेवढ्यात दोन्ही गडी एकमेकांना वाचत असतात. हा कुठल्या पायावर भार देतो? मान दाबली की मागं सरतो की पुढं येतो?

आणि हे वाचताना स्वतःचा पैंतरा ढळू द्यायचा नसतो. पटात शिरणारा गडी खाली वाकतो. समोरचा तयारीचा असेल तर तो वरून दाबतो, मागं जातो आणि कब्जा घेतो. म्हणून तालमीत पोरगं आलं की पहिल्या दिवशी वस्ताद त्याला ढाक किंवा कलाजंग शिकवत नाहीत. आधी जोर, बैठका, पाय जमिनीला धरणं. प्रत्येक पैलवानाचा एखादा ठेवणीतला डाव असतो आणि लोक त्या डावासाठी तिकीट काढतात. पण तो डाव पेलणारी ताकद त्या कंटाळवाण्या महिन्यांतून येते.

खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला. मातीत वाढलेला पैलवान, आणि तिथं मॅट. मातीत पाठ लागली की निकाल, मॅटवर गुणांचा हिशेब. तरीही सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नियम बदलले, जमीन बदलली, प्रतिस्पर्धी अनोळखी. अशा वेळी गावातल्या ठरावीक गड्यांच्या खोडी पाठ असून काय उपयोग? तिथं बरोबर जातं ते कमावलेलं अंग आणि पायातला तोल. तोल कुठंही चालतो. डाव मात्र समोरचा माणूस बदलला की नव्यानं शोधावा लागतो.

यंत्र जिंकलं ते कसं

जीटीओवाल्यांच्या हातात मोठं हत्यार आलं ते २०१७ मध्ये. जानेवारीत अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत चार व्यावसायिक खेळाडूंना 'लिब्रेटस' नावाच्या संगणक प्रणालीसमोर बसवलं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी ती तयार केली होती. २० दिवस, १ लाख २० हजार डाव, एकास एक सामने. चौघंही हरले, आणि थोडक्यात नाही, चांगलेच हरले.

आता यातली खरी गोष्ट ऐका. आपल्याला वाटेल, मशीननं माणसांच्या सवयी टिपल्या असतील. तर तसं नव्हतं. चौघं खेळाडू रोज संध्याकाळी एकत्र बसून तिच्यातल्या फटी शोधायचे, दुसऱ्या दिवशी तिथं घाव घालायचे. आणि लिब्रेटस रात्री काय करायची? खेळाडूंनी आपल्याला कुठं डिवचलं ते बघून स्वतःच्या फटी बुजवायची. समोरच्याची खोड शोधण्यावर तिनं वेळच घालवला नाही. सकाळी खेळाडू कालचा डाव घेऊन यायचे आणि ती फट गायब.

मग ती जिंकली कशी? फाशाच्या खेळात तर बरोबरीच होत होती. फरक असा की पोकर दगड-कागद-कात्रीपेक्षा फार मोठा खेळ आहे. त्यात माणूस अशा चुका करतो ज्या कुठल्याही हिशेबात चूकच असतात. जिथं टाकायला नको तिथं टाकणं, जिथं सोडायला नको तिथं सोडणं. तोल धरून बसलेल्याच्या पदरात या चुका आपोआप पडतात. त्याला समोरच्याला हेरावं लागत नाही, नुसतं उभं राहावं लागतं.

म्हणजे जीटीओवाले जिंकले? थांबा. लिब्रेटसमागं एक सुपर कॉम्प्युटर होता. तुमच्याकडे काय आहे? दुसऱ्यानं काढलेल्या उत्तरांचे तक्ते. ते पाठ करणं म्हणजे गाइडमधली उत्तरं घोकणं. प्रश्न थोडा फिरवून आला की विकेट. शिवाय फॉन नॉयमनची हमी दोघांच्या खेळाला आहे. सहा जणांच्या टेबलावर तुम्ही तुमचा तोल अगदी काटेकोर सांभाळलात, तरी बाकी दोघांच्या वेडेपणात तुम्ही भरडले जाऊ शकता. तशी हमी तिथं कुणीच देत नाही. नोम ब्राउन आणि सँडहोम यांच्याच पुढच्या 'प्लुरिबस' प्रणालीनं २०१९ मध्ये सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवून दाखवलं हे खरं. पण ती खेळून दाखवलेली गोष्ट आहे, गणितानं दिलेली हमी नाही.

आणि समोर कायम दगड काढणारा बसला असेल, तर फासा टाकत बसणं हा शहाणपणा नाही, आळस आहे.

मॉस्कोची पेनल्टी

आपल्याकडे शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेसना पेनल्टी शूटआउट सुरू झालं की गॅलरीतला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. 'अरे भावा, तो गोली उजवीकडंच पडतोय, डावीकडं मार की!' हा झाला हेरून खेळण्याचा सल्ला. तो किती चालतो?

इग्नासिओ पालासिओस-ह्युएर्ता या स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञानं युरोपातल्या व्यावसायिक सामन्यांतल्या १४१७ पेनल्टी तपासून २००३ मध्ये निबंध लिहिला. निष्कर्ष असा की चांगले खेळाडू दिशा अशा प्रमाणात बदलतात की कुठल्याही बाजूला मारलं तरी यशाचं प्रमाण साधारण सारखंच राहतं. म्हणजे फॉन नॉयमनचं नाव न ऐकताही ते त्याच्या सूत्रानं खेळत होते.

पण याच माणसाची दुसरी गोष्ट जास्त रंगतदार आहे. 'सॉकरनॉमिक्स' या पुस्तकात ती दिली आहे. २००८ ची चॅम्पियन्स लीग फायनल, मॉस्को, चेल्सी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. पालासिओस-ह्युएर्ताचा सल्ला चेल्सीपर्यंत पोचला होता : युनायटेडचा गोलकीपर व्हॅन डर सार झेप कुठल्या बाजूला घेतो, त्याची खोड काय. शूटआउटमध्ये चेल्सीचे फटके एकामागून एक त्याच्या डाव्या बाजूला जात राहिले. डाव चालत होता. मग अनेल्का आला. व्हॅन डर सारनं गोललाइनवर उभं राहून आपल्या डाव्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. जणू विचारत होता, 'तुम्ही सगळे इकडंच मारताय ना?' अनेल्का गडबडला, दुसऱ्या बाजूला मारला आणि तो अडला. कप युनायटेडचा.

अनेल्काला कुणी हरवलं? सल्ला चुकीचा नव्हता. पण एकच डाव लागोपाठ टाकला की तो डाव राहत नाही, सवय होते. आणि सवय म्हणजेच फट.

पाच वेळा छापा

हेरून खेळणाऱ्यांची दुसरी अडचण याहून मोठी आहे. आपण फार लवकर 'ओळखतो'.

समोरच्यानं तीन वेळा मोठी रक्कम लावली आणि तिन्ही वेळा थाप निघाली. झालं, आपण शिक्का मारतो : थापाड्या. पण नाणं पाच वेळा उडवलं तर पाचही वेळा छापा पडण्याची शक्यता ३२ मध्ये १ असते. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकानं पाच वेळा नाणं उडवलं, तर साधारण दोघांच्या नाण्याला सलग छापा पडेल. त्या दोघांच्या नाण्यात काही खोट नसते. तुम्ही मात्र त्यांच्याविरुद्ध 'हा छापाच पाडतो' म्हणून घरदार लावून बसाल.

म्हणून जाणते खेळाडू डाव मापात टाकतात. पुरावा थोडा असेल तर तोलापासून थोडंसंच सरकायचं. पुरावा वाढला की आणखी थोडं. आणि समोरचा सावध झाल्याचं दिसलं की गुपचूप परत तोलावर यायचं. परत यायला जागा असणं महत्त्वाचं. ज्यानं तोल शिकलेलाच नाही, तो परत येणार कुठं? इथं माझा कौल 'आधी तोल' या बाजूला पडतो. तोलानं एकट्यानं मैदान मारता येतं म्हणून नाही, तर डाव फसल्यावर पाय टेकायला तीच एक जमीन आहे म्हणून.

पण नाल कोण नेतो?

आता तो तिसरा प्रश्न.

पूर्वीच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक स्वतः खेळायचा नाही. प्रत्येक डावातून ठरलेला हिस्सा काढून घ्यायचा. त्याला नाल म्हणतात. ऑनलाइन पोकरमध्ये तेच, फक्त नाव 'रेक'. साधारण पाच टक्क्यांचा हिशेब धरू. तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघांकडं शंभर-शंभर चिंचोके. दोघंही अगदी लिब्रेटससारखे, तोलाचे पक्के. प्रत्येक डावात मध्ये २० जमतात आणि त्यातला १ मालक उचलतो. दोनशे डाव व्हायच्या आत दोघंही रिकामे. कुणी कुणाला हरवलेलं नाही, तरी दोघंही हरलेत.

म्हणजे पैशांच्या टेबलावर नुसत्या तोलानं तुम्ही हळूहळू बुडता. नाल भरून वर काही उरवायचं असेल तर समोर कच्चा गडी लागतोच. तो कोण असतो? बहुतेक वेळा तुमच्याच वयाचं, मेसचे पैसे मोबाइलवर ठेवलेलं, आज पहिल्यांदा बसलेलं एखादं पोरगं. 'एक्स्प्लॉइट' या शब्दाचं सरळ मराठी काढा, गैरफायदा. खेळाच्या मैदानावर त्याला मी डाव म्हणेन, कारण दोघं शड्डू ठोकून आलेत. पण ज्याला आपण कुस्तीत उतरलोय हेच माहीत नाही, त्याला चितपट करण्यात कसली आलीय मर्दुमकी?

आणि तो कच्चा गडी तुम्ही नसाल कशावरून?

'हा कौशल्याचा खेळ आहे' असं जाहिराती छातीठोकपणे सांगायच्या. मला ते मान्य आहे. पोकरमध्ये कौशल्य आहे, वरचं सगळं त्याचाच पुरावा आहे. पण विचार करा, हे ऐकून नवख्यानं खूश व्हायला हवं की घाबरायला? लॉटरीच्या तिकिटापुढं जुना आणि नवा सारखाच. कौशल्याच्या खेळात नवखा जास्त नियमानं हरतो. खासबागेत पहिल्या दिवशी तालमीत गेलेल्या पोराची कुस्ती नामांकित मल्लाशी कुणी जोडत नाही. तिथं वजन आणि तयारी बघून जोड लावतात. मोबाइलच्या टेबलावर जोड कोण लावतं?

शिवाय पानं वाटतो तोच खरा आहे, हे कशावरून? २००७-०८ मध्ये 'ॲब्सोल्यूट पोकर' आणि 'अल्टिमेट बेट' या दोन परदेशी साइट्सवर काही खात्यांना समोरच्याची झाकलेली पानं दिसत होती, हे उघड झालं. तुमचा तोल कितीही पक्का असू दे, समोरच्याला तुमची पानं दिसत असतील तर सगळं गणित पाण्यात.

कायद्याचं सांगायचं तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. त्यावरून कुणी 'मग परदेशी साइटवर खेळू की' म्हणत असेल, तर त्याला एवढंच विचारा : तिथं पैसे अडकले तर तू दाद कुणाकडं मागणार आहेस?

बंदीनं सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. अड्डे बंद झाले की गल्लीआड जातात, हे आपण मटक्यात पाहिलंय. म्हणून मला कायद्यापेक्षा तुमच्या हिशेबावर जास्त भरवसा आहे. ज्याला नालीचं गणित एकदा कळलं, तो टेबलावर बसायच्या आधी दहा वेळा विचार करेल.

टेबल उठलं, गणित राहिलं

मग एवढं शिकून करायचं काय? पोकरचं टेबल उठलं तरी तोल आणि डावाचा प्रश्न तुमच्यासमोर रोज उभा राहतो. तुमच्यातले कितीतरी जण एमपीएससीच्या तयारीत आहेत, त्यांनी हे नीट वाचावं.

वर्षानुवर्षं राज्यसेवा मुख्य परीक्षेत पर्याय निवडायचे प्रश्न मोठ्या प्रमाणावर होते. त्या पद्धतीची एक आख्खी विद्या तयार झाली. कुठला पर्याय आधी खोडायचा, 'फक्त', 'सर्व' असे शब्द आले की काय समजायचं, कुठल्या टॉपिकवर किती प्रश्न येतात. हे सगळं हेरून खेळणं, आणि त्यात चूक काही नाही. मग आयोगानं वर्णनात्मक पद्धत आणायचं ठरवलं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करायचं ठरलं. मुलांचा राग मला समजतो. तीन-चार वर्षं एका गड्याच्या खोडी पाठ करायच्या आणि ऐन मैदानात गडीच बदलायचा, हे सोपं नाही.

पण आता मागं वळून बघा. त्या बदलात कुणाचं कमी नुकसान झालं? ज्यांनी विषय मुळातून वाचला होता, ज्यांना चार ओळी सरळ लिहिता येत होत्या. त्यांचा तोल नव्या मैदानातही चालला. ज्यांच्याकडं फक्त युक्त्या होत्या, त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

उलट बाजूही आहेच. अभ्यासिकेत असाही एक जण असतो, जो सगळा अभ्यासक्रम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारख्याच वेगानं वाचतो आणि जुन्या प्रश्नपत्रिकांना हात लावत नाही. तो फासा टाकणारा. समोर दरवर्षी दगड काढणारी परीक्षा आहे, आणि हा कागद काढायला तयार नाही. त्याला मी तोल सांभाळणारा म्हणणार नाही. त्यानं अर्धीच तालीम केलीय.

त्यामुळं क्रम लक्षात ठेवा. आधी पाया एवढा पक्का की कुठल्याही मैदानात पाठ लागणार नाही. मग समोरच्याचं निरीक्षण. मग पुरावा असेल तेवढाच डाव, आणि फसला तर परत पायावर. इंटरव्ह्यूला जाताना, मॅचला उतरताना, अगदी दुकान टाकतानाही हेच. आणि उतरण्याआधी टेबलाच्या कडेला बघायचं, नाल घेणारा कोण बसलाय. लाखांची फी घेऊन 'हमखास' सिलेक्शन विकणाऱ्या क्लासच्या जाहिरातीकडंही या नजरेनं बघा. तुम्ही पास व्हा की नापास, त्याचा हिस्सा आधीच निघालेला असतो.

आणि खेळायचंच असेल, तर खेळा की. येत्या रविवारी हॉस्टेलवर चार जण जमा, स्वयंपाकघरातून मूठभर चिंचोके मागून आणा आणि वरचा दहा चिंचोक्यांचा डाव मांडा. तीस डाव खेळा आणि कुणी किती वेळा थाप मारली, ते कागदावर लिहा. आपण तिनात एकदाच थाप मारतोय असं प्रत्येकाला वाटत असतं. कागद काय सांगतो, ते बघा.